खंडेनवमीचा कॉम्प्युटर

"मेन बंद करा! अरे, कुणीतरी मेन बंद करा!"

मुख्याध्यापक बाकावर चढून ओरडत होते. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात आंब्याची डहाळी, आणि कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून पार नाकाच्या शेंड्यावर आलेलं. त्यांच्यासमोर झेंडूचा डोंगर होता. त्या डोंगराच्या पोटात आधी 'फट्ट' झालं होतं आणि आता फुलांमधून धूर निघत होता. शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर त्या डोंगराखाली होता.

पूजेला जमलेली आठवीची पोरं काही दारातून, काही खिडकीतून पळाली. हा धूर थेट त्र्यंबकच्या डोंगरावरून दिसला, असं मी पुढं वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं म्हणजे तो उदबत्तीपेक्षा जरासाच जास्त होता. मेनचा खटका मीच खाली ओढला.

नाशिकहून सायखेड्याकडे जाताना लागणारं ते गाव, आणि साल दोन हजारनंतरचं. मी तिथं शिक्षणसेवक होतो. म्हणजे तीन वर्षं मानधनावर राबायचं. मग खात्याचे साहेब येऊन तुमचा धडा बघणार. त्यांनी कागदावर सही केली तर तुम्ही कायम, नाही केली तर पिशवी उचला. माझी तीन वर्षं भरत आली होती. दसऱ्यानंतरच्या सोमवारी साहेब येणार होते, आणि त्यांनी मुद्दाम निरोप धाडला होता: धडा कॉम्प्युटरवर घ्यावा. मशीन दिलंय, ते शिकवायला वापरतात की नुसतं झाकून ठेवतात, ते बघायचंय.

धडा तयार होता. हृदयातून रक्त कसं फिरतं, त्याचा हलता धडा. तयार मिळणारे धडे आमच्यापर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून मी तो स्वतः घडवला होता. माउसनं एक चित्र काढायचं, पुढच्या चित्रात लाल ठिपका तसूभर सरकवायचा, मग त्याच्या पुढचं. इतकी चित्रं काढली की माझं मनगट आजही भाकरी मोडताना कुरकुरतं. हृदयाचा आकार काही साधेना. मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "सर, हे वांगं का धडधडतंय?"

पोरांना मात्र त्या वांग्यानं वेड लावलं. मधल्या सुट्टीत डबे घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायची. "सर, एकदा रक्त सोडा ना!" मी सोडायचो. "सर, आता उलटं सोडा!" त्यावर मी हृदयाचा स्वभाव समजावून सांगायचो. पोरं निमूट ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मागायची.

हा सगळा धडा त्या एकाच मशीनच्या पोटात होता. फ्लॉपीत तो मावत नव्हता.

आणि आली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळे, कोयते, तराजू, पाण्याची मोटार, सगळ्यांची पूजा होते. मुख्याध्यापक म्हणाले, "शाळेचं हत्यार कुठलं? हेच की! मग याला का उपाशी ठेवायचं?" मशीन बंद ठेवूनच पूजा करू, असं मी म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "देव झोपेत पुजतात का, सर? चालू करा. तुमचं वांगंही दिसू द्या." साहेबांच्या सहीआधी ज्याचा शेरा लागतो, त्या माणसाशी वाद घालायची माझी छाती नव्हती. मी बटण दाबलं.

गाव फुलांचं. दसऱ्याच्या बाजारासाठी घरोघरी झेंडू तोडून ठेवलेला, आणि प्रत्येक पोराच्या आईनं शाळेच्या मशीनसाठी एकेक हार धाडलेला, फुलं टवटवीत राहावीत म्हणून पाण्यातून काढून. हारावर हार चढले. वारा घ्यायच्या फटी बुजल्या, फुलांचं पाणी आत झिरपत राहिलं. मुख्याध्यापकांनी अक्षता टाकल्या त्याही नेमक्या त्या फटींवर. मग त्यांनी डहाळीनं पाणी शिंपडलं. डहाळीनं भागेना, तेव्हा तांब्याच कलता केला.

फुलं उपसल्यावर काच काळी दिसली. मागं कंपनीचं सील होतं. सील तोडलं तर जबाबदारी शाळेची, आणि कंपनीचा माणूस यायचा तो दिवाळीनंतर.

"वाळू द्या," मुख्याध्यापक म्हणाले. "उन्हात ठेवू. पापड वाळतात, हे नाही वाळणार?"

दसऱ्याच्या दिवशी कॉम्प्युटर शाळेच्या ओट्यावर उन्हात बसला होता आणि मी घरी सोनं वाटत होतो. सासरे आले, त्यांनीही आपट्याचं पान दिलं. मुलगा कायम होणार, या एका वाक्यावर त्यांनी मुलगी दिली होती. "मग, सोमवारी पेढे ना?" त्यांनी विचारलं. मी हसलो. हसताना दात वाजले. बायकोनं विचारलं, थंडी वाजतेय का? मी हो म्हणालो. ऑक्टोबरच्या उन्हात! तिनं सुंठेचा काढा दिला आणि मी तो गुन्हेगारासारखा प्यालो.

सोमवारी सकाळी बटण दाबलं. मशीन शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखं एकदा ओरडलं आणि गप्प झालं.

"घाबरू नका," मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागले. "साहेब अकराला येतात. सव्वाअकराला लाईट जाते. आपल्या गावात ती कधी चुकलीय का?"

खरोखर कधी चुकली नव्हती. लग्नात गेली, बारशात गेली, परीक्षेत गेली. मी आयुष्यात पहिल्यांदा अंधार मागितला.

जीप आली. साहेब किडकिडीत, बोलणं तोलूनमापून. ते मागच्या बाकाशेजारी खुर्चीत बसले. मी प्रस्तावना सुरू केली आणि ती रबरासारखी ताणत नेली. सव्वाअकरा वाजले. वरचा पंखा फिरतच होता. साडेअकरा झाले. पंखा आणखी जोरात फिरायला लागला, अशी माझी पक्की समजूत आहे. मुख्याध्यापक दारातून त्या पंख्याकडे वैऱ्यासारखे बघत होते.

"लावा आता," साहेब म्हणाले.

मी बटण दाबलं. मशीन हूं की चूं करेना. हातातली छडी काळ्या काचेवर टेकवली. सासरे दिसायला लागले. पेढे दिसायला लागले.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या बापाचा झेंडूचा मळा शाळेला लागूनच होता. काळ्या काचेकडे टक लावून ती म्हणाली, "सर, रक्त उजव्या कप्प्यात आलं."

मी पापणी न हलवता विचारलं, "आता कुठं चाललंय?"

"फुप्फुसाकडं!" सगळा वर्ग ओरडला.

"रंग?"

"काळपट, सर! आता लाल होईल बघा!"

छडी काळ्या काचेवरून पुढं सरकत गेली आणि पोरांच्या माना तिच्यामागं. एक जण म्हणाला, "सर, झडप लय हळू लागली आज." मागून दुसरा म्हणाला, "नाय रे, बरोबर लागली." मलाही ठिपका दिसायला लागला, शप्पथ! डाव्या कप्प्यातून तो महाधमनीत उडाला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग साहेब उठले.

बाकांमधून चालत पुढं आले. त्यांनी मान वाकडी करून काच न्याहाळली, मागं डोकावून बघितलं आणि तळहात पडद्यावर टेकवला. पडदा थंडगार होता. हात तसाच ठेवून ते माझ्याकडे वळले. आता बोलतील आणि माझी तीन वर्षं गंगेत जातील, एवढंच डोक्यात होतं.

"हे बंद आहे," ते म्हणाले.

दारातून मुख्याध्यापक कसेबसे बोलले, "साहेब... खंडेनवमीला पूजा केली होती. तेव्हापासून..."

साहेबांनी पडद्यावरचा हात काढला, रुमालानं पुसला आणि खिशातलं पेन काढलं.

"आमच्या ऑफिसातलाही तेव्हापासून बंदच आहे," ते म्हणाले. "सही कुठं करायची?"