दगड चाटणारा माजी विद्यार्थी

मला आजवर कुणी कशासाठी आग्रहाने बोलावलेलं नाही. लग्नाची आमंत्रणंसुद्धा "जमलं तर या" अशा सुरात येतात. त्यामुळे कॉलेजातल्या आमच्या सरांचा फोन आला आणि ते म्हणाले, "तू यायलाच हवंस," तेव्हा त्यांनी नंबर चुकून तर लावला नाही ना, याची मी आधी खात्री करून घेतली.

नंबर बरोबर होता. कॉलेजात नव्या मुलांसाठी माहितीचा दिवस होता. मुलं आईवडिलांना घेऊन येणार, टेबलाटेबलांवरून फिरणार आणि प्रत्येक टेबलापाशी त्या विभागाचे माजी विद्यार्थी "आमच्याकडे बघा, आमचं कसं भलं झालं" असं सांगणार. आमचा विभाग भूगर्भशास्त्राचा. यंदा पहिल्या वर्षाला कुणीच आलं नाही तर त्याला कुलूप लागणार होतं. हे सरांनी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगितलं. त्यांची सगळी नोकरी त्या दोन खोल्यांत गेलेली. मी हो म्हणून बसलो.

"भलं झालेल्यांत तुम्ही कसे?" हे बायकोने लगेच विचारलं. रास्त प्रश्न होता. माझं फरशांचं दुकान आहे, म्हणजे सासऱ्यांचं होतं. भूगर्भशास्त्र मी घेतलं ते पृथ्वीच्या ओढीने नव्हे. प्रवेशाच्या बाकी सगळ्या खिडक्यांपुढे रांगा होत्या आणि त्या एका खिडकीत कारकून एकटाच पेंगत होता. पास झाल्यावर विहिरी खणणाऱ्या एका कंत्राटदाराला पाणी कुठे लागेल ते सांगायचं काम मिळालं. मी सांगेन तिथे ते लागायचं नाही. शेवटी सासरे म्हणाले, "जावईबापू, दगडातलंच शिकलाय ना? मग बसा गल्ल्यावर." तेव्हा बसलो तो अजून उठलेलो नाही.

"आणि हो," बायको म्हणाली, "तिथे तरी दगड चाटू नका."

हे जरा समजावून सांगायला हवं. कोरडा दगड काही बोलत नाही. ओला झाला की त्यातले कण आणि रेघा उठून दिसतात. डोंगरात हिंडताना पिण्याचं पाणी पुरवून वापरायचं, म्हणून आम्ही सगळे सरळ जीभ लावायचो. सरही लावायचे. ती खोड गेली नाही. एकदा दुकानात बोलण्याच्या नादात मी संगमरवराचा तुकडा चाटला, तर समोरच्या बाई ओट्याचा विषय सोडून काढता पाय घेत्या झाल्या.

माहितीच्या दिवशी मला पिवळा टी-शर्ट मिळाला. पाठीवर "मला विचारा" असं छापलेलं आणि पुढून माझं पोट झाकण्याची त्याची मुळीच इच्छा नव्हती. आमच्या वर्गातले खरे यशस्वी दोघं. एक मोठमोठे बोगदे खणतो, दुसरा पाण्याच्या खात्यात साहेब आहे. पण बोगदेवाल्याची ऐन वेळी मीटिंग निघाली आणि साहेबांनी फोनच उचलला नाही. सर म्हणाले, "आपण दोघं आहोत की." त्यांनी पांढऱ्या कापडावर दगड मांडले, एकेक पुसून, आणि खुर्चीत ताठ बसून राहिले.

शेजारी कॉम्प्युटरच्या टेबलाला मुंगीला शिरायला जागा नव्हती. आमच्याकडेही लोक येत होते, नाही असं नाही. ते माझी पाठ वाचायचे आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायचे. मी फार नम्रपणे रस्ता दाखवायचो. सर दर वेळी खुर्चीतून अर्धे उठायचे आणि परत बसायचे. ते मला बघवेना.

दुपारी एक मुलगी वडिलांसोबत आली. वडील आमच्या टेबलावरच्या पंख्याच्या वाऱ्यासाठी आले होते, हे उघड होतं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"अहो, तुम्ही तर आमचे फरशीवाले! आमच्या बाथरूमची फरशी तुमच्याकडचीच." मग मुलीला म्हणाले, "बघ, हे इथे शिकलेत."

त्या "हे"मध्ये सगळं आलं. मी तोंडघशी पडलो होतोच, मग दुकानातली सवय उफाळून आली. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकाला तडा गेलेली फरशी आधी दाखवतात, म्हणजे बाकीच्यांवर त्याचा विश्वास बसतो. मी तेच केलं. प्रयोगशाळेचं छत गळतं, नोकरी लगेच मिळेल असं नाही, मला तर मिळालेली टिकली नाही, सहलीत पायाला फोड येतात, हे सगळं मी घडाघडा सांगून टाकलं. फक्त चांगली फरशी दाखवायची वेळ आली तेव्हा मला काही आठवेना. सरांचा चेहरा उतरत चालला होता.

"मग तुम्ही सुट्टीच्या दिवशी दुकान बंद ठेवून इथे कशाला आलात?" मुलीने विचारलं.

उत्तर द्यायचं म्हणून मी समोरचा एक मातकट दगड उचलला आणि काही कळायच्या आत चाटला.

"शी!" वडील मागे सरकले.

"हे बघ," मी म्हणालो. ओल्या जागी बारीक बारीक शिंपले उमटले होते, एकावर एक, गच्च. "इथे समुद्र होता. हे त्यातले जीव. मी दिवसभर असले दगड मापाने विकतो आणि मनातल्या मनात त्यांच्याशी बोलतो. दुसरं कुणी घरात ऐकून घेत नाही."

मुलीने दगड हातात घेतला, उलटवला आणि कोरड्या बाजूला हळूच जीभ लावली. वडिलांनी डोळे मिटून घेतले. ती बराच वेळ बघत राहिली.

"एक सांगा," वडील म्हणाले. त्यांचा आवाज आता खरोखरच काळजीचा होता. "तुमची स्वतःची मुलं काय शिकतात?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. थाप मारणं अगदी सोपं होतं.

"एकच मुलगी आहे, ती अकाउंट्स शिकते," मी म्हणालो. "तिला दगडांचा कंटाळा येतो. मीच फार बोललो असेन त्यांच्याबद्दल."

"बघ," वडील मुलीला म्हणाले. "त्यांच्या मुलीलासुद्धा नको."

"तिला नकोय, बाबा," मुलगी म्हणाली. "मी ती नाही."

वडिलांनी घाम पुसला आणि म्हणाले, "घरी विचार करून सांगतो." या वाक्याचा अर्थ फरशीवाल्याइतका कुणाला कळत नाही. असं म्हणून गेलेली माणसं मला पुन्हा रस्त्यातच दिसतात, तीही नजर चुकवताना.

"गेलं गिऱ्हाईक," मी सरांना म्हणालो. "माझ्यामुळे गेलं, सर. मला बोलवायला नको होतं तुम्ही."

सर दगड पेटीत भरू लागले. भरता भरता थांबले. टेबलाखाली वाकून पाहिलं, कापड झटकलं.

"शिंपल्यांचा दगड कुठाय?"

मी खिसे चाचपले. माझ्याकडे नव्हता.

"तिने नेला," सर म्हणाले आणि सकाळपासून पहिल्यांदा हसले. "चोरला पोरीने!"

दुकानातून फरशीचा तुकडा गेला तरी मी घर डोक्यावर घेतो. त्या दिवशी मात्र सरांबरोबर वेड्यासारखा हसत सुटलो.

प्रवेश सुरू झाले त्या सकाळी मी दुकानात एका गृहस्थांना जिन्याच्या फरशा दाखवत होतो. सरांचा फोन आला. "आली," ते म्हणाले.   मी फोन ठेवला आणि गिऱ्हाइकासमोर उभा राहून चक्क रडलो. गृहस्थ घाबरले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, राहू द्या, मी भाव नाही करत."