फुल्ल

काल भोंगवलीत टोमॅटो भरून झाले आणि गड्यानं टेम्पोच्या फाळक्यावर थाप मारली, "फुल्ल! जाऊंद्या!" माझा पाय क्लचवरच राहिला.

टेम्पो भरला की अशीच थाप मारून 'फुल्ल!' म्हणायचे माझे वडील, आण्णा. इंग्रजीतला हाच एक शब्द त्यांच्या तोंडी असायचा. धरण भरलं, फुल्ल. जत्रेची एसटी फुल्ल. जेवून उठले की पोट फुल्ल.

साथीच्या त्या उन्हाळ्यात आण्णा याच टेम्पोत मागं धापा टाकत पडले होते. पुण्यातले दवाखाने पालथे घालून झाले होते. शेवटच्या फाटकावर मी रखवालदाराचे पाय धरले, "एक खाट द्या, दादा!"

त्यानं मान खाली घातली. "फुल्ल आहे."

मी फाटक सोडेना. तेवढ्यात फाळक्यावर हलकीच थाप पडली.

"जाऊंदे," आण्णा म्हणाले.