शाळवाच्या रानातली धोंडी

क्रांतीताई मलकापुरात माझ्या समोरच्या दारात राहतात. जन्मभर सिस्टर म्हणून नोकरी केली. आडगावांत बाळंतपणं करत हिंडल्या, आणि निवृत्त झाल्यावर गुडघे गेले तशा घरात अडकल्या. मग त्या लिहायला लागल्या. दुपारी दार उघडं असलं की दिसायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाई बसलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला आणि नजर भिंतीवर. दोन-तीन वर्षांनी त्यांची कादंबरी आली. नाव 'शाळवाचं रान'.

पलूसजवळच्या मळ्यातलं त्यांचं लहानपण त्यात होतं. नदीचं पाणी अजून वर उचललं नव्हतं, ऊस आला नव्हता, रानं शाळवाची, हिवाळी ज्वारीची होती, त्या काळातलं. नावं सगळी बदललेली, तरी पलूसच्या माणसांनी घरं ओळखलीच.

पुस्तक बाहेर पडलं आणि फोन सुरू झाले. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "किती गोड दिवस होते हो तुमचे." फोन ठेवल्यावर क्रांतीताई माझ्याकडे येऊन बसल्या. "पहाटे शेण काढून हात फुटायचे माझे, ते लिहिलंय मी. हिला गोड कुठं दिसलं?" कराडच्या वाचनालयात चर्चा ठेवली होती. एक प्राध्यापक म्हणाले, बोली फार झाली, शिवाय मेंढपाळाच्या मुलीचं प्रकरण काढून टाकलं असतं तरी बिघडलं नसतं. शेवटच्या रांगेतले एक म्हातारबा उठले, त्यांनी पुस्तक दोन्ही हातांनी वर धरून दाखवलं आणि ते खाली बसले. क्रांतीताईंनी दोघांनाही नमस्कार केला.

सगळ्यात जड गेलं ते भावाचं. लालासाहेब पुस्तक वाचून पलूसहून मुद्दाम आले, पण चहाला हात लावला नाही. वडलांना ही भावंडं दादा म्हणायची.

"दादांनी बैलांना जीव लावला ते लिहिलंस, चांगलं केलंस. आईवर हात उचललेला कशाला लिहायचा?"

"झालं होतं की रं ते."

"झालं हुतं. पर घरात झालं हुतं."

ते गेले ते परत आले नाहीत. दिवाळीला फराळ आला, तोही सुनेच्या हातून.

ज्या प्रकरणाला प्राध्यापक नको म्हणाले, ते मला मात्र सगळ्यात आवडलं होतं. शाळू काढून रान मोकळं झालं की आटपाडीकडचे धनगर कळप घेऊन यायचे. रानाला खत व्हावं म्हणून मेंढरं रात्रीची रानात बसवायची आणि बदल्यात त्यांना धान्य द्यायचं, अशी रीत होती. त्या कळपाबरोबर धोंडी नावाची पोर यायची, क्रांतीताईंच्याच वयाची. वर्षातले थोडे दिवस दोघी एकमेकींना सोडायच्या नाहीत. एका वर्षी धोंडी "येते" म्हणून गेली आणि पुढच्या वर्षी आली नाही. कादंबरीतली मुलगी शिमगा होईपर्यंत रोज शाळेतून आल्यावर बांधावर जाऊन उभी राहते.

"बाकीची नावं बदललीत, हे का नाही बदललं?" मी एकदा विचारलं.

"बदलून बघितलं. दुसऱ्या नावानं ती धोंडी राहीना."

पावसाळा संपता संपता एक फोन आला. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. फोन स्पीकरवर होता. पलीकडे एक तरुण मुलगी होती आणि ती भांडायलाच बसली होती.

"मॅडम, मी विट्याला कॉलेजला आहे. लायब्ररीत तुमचं पुस्तक मिळालं. एक विचारू? आमची धनगर माणसं तुमच्या गोष्टीत नुसती येतात आणि जातात. कुठून आली, पुढं कुठं गेली, हे तुम्हाला कधी शोधावंसं वाटलं नाही?"

क्रांतीताई म्हणाल्या, "वाटलं. पण मला आडनावसुद्धा माहीत नव्हतं, बाळ."

मग ती मुलगी म्हणाली, "तुमच्या पुस्तकातली धोंडी माझी आजी आहे. मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिला तुमच्याशी बोलायचंय, पण फोनवर नको म्हणते. या म्हणते."

क्रांतीताईंनी हातातली शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले आणि मग रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

गुडघ्यांमुळे त्यांना एकटीला जमणार नव्हतं, म्हणून मी बरोबर गेले. विट्याच्या स्टँडवर ती मुलगी, राणी, घ्यायला आली होती. पुढे आटपाडीच्या गाडीने गेलो आणि तिथून तिच्या भावाच्या जीपने वस्तीवर. वाटेत दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा होत्या. क्रांतीताई खिडकीतून बघत होत्या. "इथं नुसती कुसळं असायची म्हणे," एवढंच बोलल्या.

धोंडुबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या. उंच, काटकुळ्या, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. त्या उठल्या नाहीत. क्रांतीताई जवळ जाऊन उभ्या राहिल्यावर त्यांनी हात धरून खाली ओढलं आणि शेजारी बसवून घेतलं.

"लय जाड झालीस गं."

"तू तशीच हायस."

"चालतीया आजून. तू काय, सदा एका जागी बसनारी."

चहा झाला. राणीने पुस्तक आणून मध्ये ठेवलं. धोंडुबाईंनी त्याच्यावरून हात फिरवला.

"राणीनं समदं वाचलं. तुजी आय आली त्यात, तवा डोळ्याला पानी आलं. माऊली हुती. पर माझं काय लिवलंयस? अनवानी पाय, केसांत गवात, पोट पाठीला लागल्यालं. मला हसू आलं बग. मी तुज्याकडं बघून मनात म्हनायची, ही पोरगी एकाच रानात जन्मली, एकाच रानात मरंल. ना नदी ओलांडली, ना घाट बघितला. मलाच तुजी कीव यायची."

राणी गालात हसली. क्रांतीताई हसल्या नाहीत. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांनी आता विचारलं.

"तू का आली न्हाईस त्या वर्षी?"

"कोन म्हनतं न्हाई आले? आमी आलो हुतो की."

"कवा?"

"शिमग्याच्या आदी. वढा वलांडून वर आलो आन् बा थांबला. म्होरं समदं हिरवंगार. तुमच्या रानात ऊस उभा. तुजं दादा बांधावर आलं, बाला तंबाखू दिली. म्हनलं, गड्या, पानी आलंय, आता रान मोकळं ऱ्हात न्हाई, मेंढरं कुठं बसवू? तुजं दादा बी बापडं तोंड पाडून उभं हुतं. बानं तंबाखू कनवटीला लावली. मी तुज्या आयला इचारलं, क्रांती कुठाय? म्हनली, शाळंत, सांजच्याला येईल. पर मेंढरं उपाशी हुती. बानं कळप म्होरं हाकला."

"मला कुणीच सांगितलं न्हाई," क्रांतीताई म्हणाल्या. "ऊस डोळ्यापुढं होता, पण तुझं न येणं त्यामुळं असंल, हे सुचलंच न्हाई. मी दिवसभर शाळेत होते, आणि संध्याकाळी त्याच बांधावर जाऊन उभी राहिले."

"कशाला सांगतील? पोरासोरांचं कोन ध्यानात ठेवतं?"

दुपारी जेवणं झाल्यावर धोंडुबाईंनी आम्हाला बागेत नेलं. नळ्यांमधून थेंब थेंब पाणी पडत होतं. पाणी आलं तशी मुलांनी मेंढरं विकली. चार राखली होती ती गेल्या साली दिली. शेजारचा ज्योतिबा अजून कळप राखतो, पण त्याला कुणी आपल्या रानातून जाऊ देत नाही. "माझी पोरं बी देत न्हाईत," धोंडुबाई म्हणाल्या. "बाग खात्यात म्हनं. खरंच खात्यात."

दोघी एका डाळिंबाखाली उभ्या राहून वरच्या माळाकडे बघत होत्या. तिथे काहीच नव्हतं. मी आणि राणी मागे थांबलो.

निघताना क्रांतीताई म्हणाल्या, "पुस्तक पुन्हा छापलं तर हे सगळं घालीन त्यात. तू आली होतीस, हे."

धोंडुबाईंनी मान हलवली. "नगं. त्या पुस्तकातल्या पोरीला काय ठावं हुतं? तिला ठावं नव्हतं, तेच ऱ्हाऊ दे. माझं लिवायचं तर निराळं लिव. घाट उतरून कोकनात गेलेलो, ते लिव. त्यात तू नगंस."

परतीच्या गाडीत क्रांतीताई एवढंच म्हणाल्या की, लालासाहेबाला त्या दिवसाचं काही आठवत असेल का, ते विचारायला हवं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला. लालासाहेबांनी उचलला. त्यांना आठवत नव्हतं. पण बोलणं बराच वेळ चाललं, बहुतेक उसाच्या तोडीबद्दल.

आता आठवड्यातून एकदा धोंडुबाईंचा फोन येतो. राणी लावून देते आणि आपल्या कामाला निघून जाते. क्रांतीताई कोकणातल्या वाटांबद्दल विचारतात, लिहून घेतात. पण धोंडुबाईंना फोन बंद करता येत नाही. बोलणं संपलं की त्या तो तसाच बाजेवर ठेवून उठतात. मग इकडे क्रांतीताईंना कोंबड्यांचा आवाज येतो, कुणीतरी भांडी घासत असतं, वाऱ्याने पत्रा वाजतो. परवा मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले तर त्या फोन कानाला लावून बसल्या होत्या. मला त्यांनी हाताने थांबायची खूण केली.

"धोंडुबाई बोलतायत का?" मी हळूच विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "ज्योतिबाची मेंढरं चाललीत रस्त्यानं."