लोण्यासारखी गाडी

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. टोपणनाव, तिच्या आईनेच ठेवलेलं. ही पोरगी जेवतानासुद्धा उभी. फोनवर बोलताना खोलीत येरझाऱ्या. ती स्वस्थ बसलेली मी एकाच जागी पाहिली होती, तिच्या गाडीच्या स्टिअरिंगपुढे.

ती आजारी माणसांची ने-आण करते. ऑपरेशन झालेले, हाडं मोडलेले, दिवस भरत आलेल्या बायका. गाडी जुनी, लांबलचक. मागची सीटं आडवी करून वर गादी घातलेली. या गाडीला स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाजवळ नारळाएवढा लोखंडी गोळा आहे, आत तेल आणि वायू. इंजिन सुरू केलं की गाडी आधी मागून उठते, मग पुढून, गाय उठते तशी. हिच्या गाडीला खड्डे लागत नाहीत, अशी तिची ख्याती. माणसं डिस्चार्ज लांबवतात, पण हिचीच गाडी बोलावतात.

परवा काकू, म्हणजे तिची आई, स्टुलावरून पडल्या. पाठीचा मणका चेपला. भिंगरीने त्यांना आपल्याच गाडीतून हॉस्पिटलात नेलं. मी तिची मैत्रीण, सोबत होते. खाटेवर पाठ टेकल्यावर काकू म्हणाल्या, "परत नेताना दुसरी गाडी बघ बाई."

"का गं?"

"हिच्यात हादरे फार बसतात."

"माझ्या गाडीत?"

"मग काय शेजाऱ्यांच्या? दात आवळून पडले होते मी."

भिंगरीची मान लाल झाली.

त्याच दुपारी ती जुन्या प्रवाशांच्या घरी निघाली. मलाही ओढलं. खुबा बदललेले मास्तर दारातच म्हणाले, "छे छे! लोण्यासारखी गाडी तुमची!" बाळंतीण म्हणाली, "अगदी लोण्यासारखी, ताई." तिचा नवरा भिंतीकडे बघत होता. मग तीच हळूच म्हणाली, "खाली दोन उशा घेतल्या होत्या मी. पण ते आपलं माझं."

जिन्यात भिंगरी थांबली. "सगळे खोटं बोलतायत."

"मान राखतायत तुझा."

"माझा मान काय करायचाय? पाठी त्यांच्या गेल्या."

तिथून आम्ही थेट गॅरेजात गेलो. तिचा नेहमीचा मेस्त्री गाडीच्या मागे उभा राहिला आणि दोन्ही हातांनी डिकीवर रेलला. गाडी हलली नाही.

"ताई, हिचा दगड झालाय."

"रोज तर उठते."

"उठणारच. उचलतं तेल. झेलतो वायू." त्याने मूठ वळून दाखवली. "गोळ्यात मधे रबराचा पडदा. खाली तेल, वर वायू. वायू दबतो म्हणून धक्का जिरतो. तो रबरातून झिरपत जातो, इतका हळू की रोज चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. वायू संपला की उरलं तेल. ते काही दबत नाही. धक्का थेट गादीवर."

"मला पुढे काहीच जाणवत नव्हतं."

"पुढचे गोळे मागच्या वर्षी बदललेत ना. तुझी बाजू मऊ."

"तुला नाही कळलं?"

"चालवायला दिलीस कधी? चावी मागितली की किडनी मागितल्यासारखी बघतेस."

एरवी तिने त्याला सोडला नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवे गोळे आले. काकूंना दुपारी सोडणार होते. मेस्त्रीने गाडी जॅकवर घेतली आणि खाली लोखंडी घोड्या लावल्या. त्याशिवाय तो कुणाला खाली हातही घालू देत नाही, कारण दाब सोडला की ही गाडी मटकन बसते. त्याने दाबाचा स्क्रू सैल केला. तेल सुस्कारा टाकत टाकीत परतलं. गोळा हलेना. भिंगरी फेऱ्या मारत होती. शेवटी तिनेच साखळीचा पाना गोळ्याभोवती आवळला आणि अंगाचा भार टाकला. कट्! गोळा सुटला. नव्या रबरी कड्याला तिने बोटाने तेल लावलं आणि नवा गोळा हाताने आवळून बसवला. मग दुसरा. स्क्रू बंद झाला, घोड्या निघाल्या, इंजिन सुरू झालं. गाडी मागून उठली, पुढून उठली.

मेस्त्री डिकीवर रेलला. गाडी खाली गेली, अलगद वर आली. "घ्या. लोणी."

"तो शब्द काढू नकोस." तिने चावी माझ्या हातात ठेवली. "तू चालव."

"मी? माझं लायसन्स अजून कोरं आहे."

"मी मागे झोपणार आहे."

इतक्या वर्षांत ती त्या गादीवर कधी आडवी झाली नव्हती. तिने स्वतःला पट्ट्याने बांधून घेतलं. मी गोगलगाईसारखी निघाले.

"लग्नाची वरात काढलीयेस का? मी नेते तशी ने."

स्पीडब्रेकर आला. मीच डोळे मिटले, उघडले.

"परत घे."

परत घेतला. आरशात मला फक्त तिची पावलं दिसत होती. ती स्थिर होती.

"थांब," ती म्हणाली. मग उठून बसली आणि गादी उलटी केली. खालून जुन्या सीटबेल्टचं लोखंडी टोक वर आलेलं होतं. बरोबर पाठीच्या मध्यावर. "हे इथेच होतं. इतकी वर्षं. एकानेही तोंड उघडलं नाही." तिने ते उपटायला घेतलं. नखातून रक्त आलं तरी ते निघेपर्यंत सोडलं नाही.

दुपारी काकूंनी गाडी बघून कपाळाला हात लावला. "दुसरी बघ म्हटलं होतं ना!"

"हीच दुसरी आहे. झोप."

चालवायला ती बसली. मी मागे काकूंचा हात धरून. फाटकाजवळचा स्पीडब्रेकर आम्ही ओलांडला.

"आई, लागलं?"

काकूंचे डोळे मिटलेले. मी मनात म्हटलं, नाही म्हणा.

"लागलं," काकू म्हणाल्या. "थोडं. कालच्यासारखं नाही."

भिंगरीने गाडी कडेला घेतली. "खरं सांगतेस?"

"तुझ्याशी खोटं बोलून माझी पाठ बरी होणार आहे का? चल, ऊन येतंय तोंडावर."

ती तशीच बसून राहिली. मला वाटलं रडतेय. पण तिने मान वळवली तेव्हा चेहऱ्यावर वेगळंच काही होतं, बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं. मग तिने गिअर टाकला.

पुढच्या खड्ड्यावर तिने पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. घर येईपर्यंत विचारत राहिली, आणि काकू प्रत्येक वेळी, चिडून का होईना, खरं तेच सांगत राहिल्या.