माया तायडेंचा अर्धा अभिप्राय

अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका जुन्या वाचनालयात माया तायडे सव्वीस वर्षं पुस्तकं देत-घेत बसल्या. कोणता वाचक काय नेणार, हे तो पायऱ्या चढत असतानाच त्यांना कळायचं. भयकथा आणि रहस्यकथांच्या वाचकांना तर त्या चांगल्याच ओळखून होत्या. निवृत्त मास्तर मंडळी म्हणायची की हे साहित्यच नव्हे, आणि तेच पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायची. मोनाली नावाची बँकेतली मुलगी आधी शेवटचं पान वाचायची आणि खुनी कोण ते समजल्यावरच पुस्तक घ्यायची. कोणी म्हणे फार रक्त आहे, कोणी म्हणे पुरेसं नाही. मायाताई सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या.

त्यांचं स्वतःचं मत ठाम होतं. भूत पानावर आलं की भीती संपली. ते यायच्या आधीची तीन पानं खरी. ती तीन पानं ज्याला जमली तो लेखक.

हा नाद त्यांना लागला कसा, याचं त्यांच्या नातेवाइकांना नवल वाटायचं. छप्पनच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर त्यांच्या आजोबांनी, जानरावांनी, घरातले देव, ताईत, भगतानं दिलेले गंडेदोरे, सगळं नदीत सोडलं होतं. वडीलही तसेच कडक. घरात भुताचं नाव काढायची सोय नव्हती. पण मायाताई म्हणायच्या, भुतं नाहीतच हे पक्कं माहीत असलं म्हणजे वाचायला जास्त मजा येते. संसार झाला नाही, भावाची मुलं मोठी होऊन पांगली. दुपारी वाचनालय बंद असायचं, तेव्हा पंख्याखाली चटई टाकून एक भयकथा वाचायची, एवढंच त्यांचं ऐश्वर्य होतं.

दोन वर्षांपूर्वी ‘नाल्यापलीकडची’ ही कादंबरी आली. लेखक कमलाकांत सावदेकर, अमरावतीचे नामांकित वकील, वय सत्तर. वाचकांनी पुस्तक अक्षरशः पळवलं. मायाताईंच्या हाती ते तीन आठवड्यांनी लागलं.

गोष्ट अंजनगाव सुर्जीकडच्या एका खेड्यातली. गावाच्या नाल्यापलीकडे एक सुईण राहते. तिचा डावा डोळा पांढरा, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदलेले. मेल्यावरही ती हातात कंदील घेऊन नाला ओलांडते आणि जिथे बाळंतीण असेल त्या घराच्या मागल्या दाराशी उभी राहते. दार वाजवत नाही. फक्त विचारते, “गरम पानी हाय का?” सातव्या दिवशी त्या घरातलं बाळ काकडून मरतं.

ती आधीची तीन पानं सावदेकरांना जमली होती. मायाताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. मग त्यांनी पुस्तक मिटलं. पांढरा डोळा, तीन ठिपके आणि चहाच्या आधणाकडे पाहूनसुद्धा ‘गरम पानी हाय का’ विचारणारी म्हातारी त्यांनी पाहिली होती. त्या दहा वर्षांच्या असताना ती वारली. त्यांच्या वडिलांची आई, दुर्गाबाई.

वडील हयात नव्हते. माहिती असलीच तर माणिकआत्याला. माणिकबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, लेकाकडे अकोल्यातच राहायच्या. मायाताईंनी त्यांना ती पानं वाचून दाखवली. म्हातारीनं मध्ये एकदाही अडवलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, “तुया बापानं शपथ घातली होती. आता तो गेला, मंग कोनाची शपथ पाळू?”

मग तिनं सांगितलं. दुर्गाबाईनं त्या गावातली निम्मी बाळंतपणं केली होती. बोलावणं आलं की कंदील घेऊन निघायची, मागल्या दारानं आत जायची. बाळंतपण झालं की तिचा हात लागलेलं सगळं धुऊन काढत, आणि तिला मात्र त्याच दारानं तशीच बाहेर काढत. दीक्षेनंतर दुसऱ्या वर्षी एका बड्या घरी बाळंतपण होतं. नाळ कापायला घरातलाच गंजलेला विळा पुढे केला. तिनं उकळतं पाणी मागितलं. सासू म्हणाली, पाणी तापवायला आता चुलीपाशी कोण जाणार, काप तशीच. आठवड्यात बाळ धनुर्वातानं आखडून गेलं. गावानं दुर्गाबाईला दिवसभर चावडीपुढे उन्हात उभं केलं, तिच्या डोळ्यामुळं बाळ गेलं म्हणून. देव सोडले म्हणून हे असं झालं, असंही कोणी म्हणालं. रात्रीच्या आत गाव सोडायला सांगितलं.

“अकोल्यात जिनिंगमंधी सरकी येचली तिनं जलमभर,” माणिकबाई म्हणाल्या. “वस्तीतल्या बाया पाया पडाच्या, चाल म्हनाच्या. पन परत कोनाच्या बाळंतपनाले गेली नाही. माह्या सोताच्या येळेलेय नाही.”

त्या महिन्यात प्रकाशकानं वाचकांचे अभिप्राय मागवले. निवडक अभिप्रायांचं अमरावतीला राजापेठेतल्या सभागृहात वाचन होणार होतं. मायाताईंनी चार फुलस्केप कागद लिहिले. आयुष्यभर दुसऱ्यांचे अभिप्राय ऐकले, स्वतःचा पहिल्यांदाच लिहिला. सुरुवात अशी केली: ‘ही कादंबरी वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ही बाई माझी आजी आहे.’ पुढं सगळं होतं: विळा, पाणी, चावडी. शेवटी लिहिलं की लेखकाला तीन पानं लिहिता येतात, म्हणूनच ही चूक मोठी आहे. वाईट लेखकानं लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

पंधरा दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला. मायाताईंनी ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि एसटीनं अमरावतीला गेल्या. सभागृह भरलेलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या जुईली नावाच्या मुलीनं त्यांचं नाव पुकारलं, त्यांना मंचावर बोलावलं आणि कागद पाहून वाचलं, “ही कादंबरी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. लेखकाला तीन पानं लिहिता येतात.” टाळ्या झाल्या. सावदेकरांनी हसून पुष्पगुच्छ दिला. मायाताईंनी तो घेतला.

माइक हाताच्या अंतरावर होता. खाली बसलेले लोक कौतुकानं पाहत होते, आणि त्या कौतुकानंच त्यांची वाचा बसली. त्या खाली उतरल्या. पुढं कितीतरी महिने त्यांनी स्वतःला यासाठी माफ केलं नाही.

कार्यक्रमानंतर लोक पांगले, तेव्हा त्या सावदेकरांपाशी गेल्या. आपण चार पानं लिहिली होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली का, असं विचारलं.

“पोचली ना,” ते म्हणाले. माणूस सभ्य होता, खुर्ची ओढून त्यांना बसवलं. “प्रकाशकांना ते जरा वेगळ्या वळणाचं वाटलं. ताई, तुम्ही मनावर घेऊ नका. माझ्या आईनं, अनसूयाबाईंनी, ही गोष्ट मला लहानपणी सांगितली. तो आमचा आजोळचा गाव. आई तर सांगायची, माझा जन्मही त्याच बाईच्या हातचा.” हे त्यांनी अभिमानानं सांगितलं, गोष्ट अस्सल असल्याचा पुरावा म्हणून.

मायाताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. पांढरे केस, सोनेरी काड्यांचा चष्मा, सत्तर वर्षं धडधाकट जगलेला देह.

“म्हणजे तुमची नाळ तिनंच कापली,” त्या म्हणाल्या. “तुम्हाले काही झालं नाही.”

“नाही, नाही झालं.”

“त्या दिवशी कोणीतरी पाणी तापवलं असंल.”

सावदेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, “पुढच्या आवृत्तीत टीप टाकता येईल का, बघतो.”

पुढची आवृत्ती पाच महिन्यांत निघाली. टीप नव्हती. मलपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘अंगावर काटा आला! – माया तायडे, ग्रंथपाल, अकोला.’ मायाताईंनी प्रकाशकाला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. मग त्यांनी आपली चार पानं टाइप करून वाचनालयातल्या प्रतीत शेवटच्या पानामागं चिकटवली. पहिल्या वाचकानं खाली पेन्सिलनं लिहिलं, ‘गोष्टीत जात कशाला आणता?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘यामुळं मजा जाते.’ तिसऱ्या वेळी पुस्तक परत आलं, तेव्हा पानं फाडलेली होती. अध्यक्ष चंद्रभानजींनी त्यांना आत बोलावून समजावलं, वाचनालयाच्या पुस्तकात खाजगी मजकूर लावणं नियमात बसत नाही.

मोनालीनं मात्र ती पानं वाचली होती, त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून सुरुवात करताना. एक दिवस खिडकीशी येऊन ती हळूच म्हणाली, “मावशी, मी घरी आईला दाखवलं. आई म्हणाली, असंच असते.” एवढंच बोलून ती नेहमीसारखी दुसरं पुस्तक घेऊन गेली.

मायाताईंचं भयकथा वाचणं सुटलं. पुस्तक उघडलं की गावाबाहेरची वस्ती दिसते, तिथली काळी बाई दिसते, तिथला भगत दिसतो, आणि आता त्या थांबून विचार करतात की हिचं नाव काय असेल, हिला पोरं असतील का. असं विचारत वाचणाऱ्याला भीती वाटत नाही. दुपारी त्या पंख्याखाली नुसत्याच पडून राहतात.

‘नाल्यापलीकडची’ला अजून मागणी आहे. परवा एक नवी सभासद आली, सात महिन्यांची गरोदर. तिनं मलपृष्ठावरचं नाव वाचलं आणि कौतुकानं विचारलं, “हे तुम्हीच का? एवढी भीती वाटते का हो?”

मायाताईंनी कार्डावर तारीख मारली. म्हणाल्या, “दवाखान्यात नाव घातलं का? आधी ते घाल.” आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं.