जैनबच्या अंगातलं शिसं

डॉक्टर म्हणाले, "चाचा, लेड पॉयझनिंग है." म्हणजे अंगात शिसं गेलेलं. विषच ते. मग विचारलं, "घर में खाना कौन बनाता है?"

माझी बायको जैनब खाटेवरून म्हणाली, "सून."

आमची सून नसरीन पेजेचा डबा घेऊन दारातच उभी होती. तिने ऐकलं.

आधी पोटदुखी, मग उलट्या. हातातून कप पडायला लागला, तेव्हा इथे आखातात, अराद गावातल्या आमच्या घरून, जैनबला इस्पितळात आणली. त्याच दिवसांत तिच्या बहिणीने, मरियमने, रत्नागिरीहून मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. दीडशे वर्षांमागची विलायतेतली बाई. चहातून सोमल हे विष देऊन नवरा मारला, पोटची पोरं मारली. वर उशाशी बसून त्यांची तोंडं पुसायची, अजून एक घोट घे म्हणायची. मला किळस आली. जैनब तो परत परत बघायची, मग नसरीनकडे बघायची.

नसरीन तिच्यासमोर डब्यातला एक चमचा स्वतः खाऊन दाखवायची. जैनब तोंड फिरवायची.

डॉक्टरांनी घरातला मसाला, सुरमा, औषधं, सगळं तपासायला मागवलं. शिसं मरियमच्या पुडीत निघालं. जैनबच्या साखरेच्या आजारावर म्हणून ती वैदूची पुडी गावाहून येणाऱ्याबरोबर पाठवायची.

मी मरियमला फोन लावून सांगितलं, पुडीत शिसं निघालं. मरियम म्हणाली, "दुलाभाई, अख्खं गाव खातंय ती. सुनेने कान भरले तुमचे."

"तुझी बहीण मरत्ये. ती पुडी आता खलास."

चिलेशन सुरू झालं, म्हणजे शिसं बाहेर काढायचं औषध. तरी रक्तातलं शिसं वाढतच होतं. मग नर्सला जैनबच्या उशीच्या खोळीत पुडी सापडली, ती चोरून खात होती. मरियमने तिला फोनवर शपथ घातली होती, चुकवू नको म्हणून.

"सख्खी बहीण विष देईल काय?" जैनब मला म्हणाली. त्यानंतर तिला झटके आले. ती परत बोलली नाही.

जैनब गेली. तिचा चाळिसावा दिवस झाला आणि मरियमने माझ्या साखरेसाठी पुडी पाठवली. त्या विलायतेतल्या बाईची किळस आली होती, हिची जास्त आली. पुडीत विष आहे, हे मी मरियमला सांगितलं होतं.

पुडी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन टाकली. तुमच्याकडे अशी आली तर आधी तपासून घ्या. पाठवणारी कोण, ते बघत बसू नका.

नसरीन अजूनही मला पेज देण्याआधी एक चमचा स्वतः खाते. नको म्हटलं तर म्हणाली, "सवय लागली, अब्बा."

आता मी वाटी तिच्या हातातून ओढून घेतो आणि तिच्या आधी खातो.