क्रोमरचा दगड

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतो. खिशातला फोन वाजला. मीनलचा मेसेज होता, अगदी छोटा : "आई गेली. झोपेतच." हातमोजा काढून मी तो पुन्हा वाचला... आणि आता खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी कुंदामावशी आल्याच नाहीत. आधी आला तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला दगड. सांगायचं राहिलं, आता कायमचं राहिलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. एवढं माणूस गेलं आणि मला माझीच पडली होती.

कुंदामावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला, आमच्या टाउनहाऊसच्या रांगेत दोन दारं सोडून मीनल राहते, तिची ही आई. मूळच्या मालवणच्या, सगळी नोकरी नर्सची, आणि नवरा गेल्यावर इकडे लेकीकडे आलेल्या. माझ्या बायकोचं बाळंतपण जवळ आलं तेव्हा नागपूरहून माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला आणि सासूबाईंना इंटरव्ह्यूची तारीखच मिळेना. आम्ही दोघं रडकुंडीला आलो होतो. मावशी अळिवाच्या खिरीचं पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "व्हिसावाल्यांना विचारून पोरं जन्माला येतात काय रे मेल्या? सरक बाजूला." पुढे सव्वा महिना रोज सकाळी येऊन त्यांनी रेवाला तेल लावून न्हाऊ घातलं, बायकोचं अंग शेकलं, आणि मला, मी बाप झालोय म्हणजे नेमकं काय झालंय, हे चांगलं फैलावर घेऊन शिकवलं. आम्ही काही द्यायला गेलो की म्हणायच्या, "आता नको. लागेल तेव्हा मागेन."

त्यांनी एकदाच मागितलं. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी मला आठवडाभर लंडनला जायचं होतं. हे कळल्यावर मावशी औषधांच्या दुकानातली एक कागदी पिशवी घेऊन आल्या. तिच्या मागे निळ्या बॉलपेनने, नर्सच्या त्या टापटीप अक्षरात, कामं लिहिली होती. लग्नाआधी दोन वर्षं त्या इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर क्रोमर नावाच्या गावात एका लहानशा इस्पितळात होत्या. घर सोडून पहिल्यांदाच राहिलेली बावीस वर्षांची मुलगी. लंडनहून गाडीने जायचं, मध्ये एकदा बदलायची, आणि एका दिवसात हे सगळं करून परत यायचं, असा त्यांचा हिशेब होता. पिअरच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्याच्या, टोकापर्यंत चालत जाणे, फळ्यांच्या फटींतून खाली पाणी दिसते ते बघणे. चर्चच्या मनोऱ्यावर चढणे. वर टेकाडावरच्या बाकावर बसून मीठ-व्हिनेगर घातलेल्या चिप्स खाणे, समुद्रपक्ष्यांपासून सांभाळणे. थंडी असली तरी पाण्यात पाय बुडवणे. आणि पिअरवरून मुलं दोरीला मांसाचा तुकडा बांधून खेकडे पकडतात ते बघणे. यावर तर त्या अजूनही हसायच्या. "अरे, इतक्या मेहनतीने कुर्ल्या धरायच्या आणि संध्याकाळी परत पाण्यात सोडायच्या! आमच्या मालवणात असं कोणी केलं असतं तर आजीने घराबाहेर काढलं असतं." शेवटी लिहिलं होतं, एक दगड आणणे. लहान चालेल.

"बाकावर जरा जास्त वेळ बस," जाताना म्हणाल्या. "ड्यूटी संपली की घरची पत्रं मी तिथेच वाचायचे. कोणाला रडलेलं दिसू नये म्हणून."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. शनिवार मोकळा ठेवला, गाड्यांच्या वेळाही बघून ठेवल्या. पण शुक्रवारी संध्याकाळी नागपूरचा एक जुना मित्र भेटला, तो तिकडेच स्थायिक झालाय. "एवढ्या लांब खेकडे बघायला कोण जातं यार? घरी ये, सावजी करतो," म्हणाला. गेलो. शनिवारी दुपारी बारापर्यंत झोपलो, नाकातून पाणी येईपर्यंत मटण खाल्लं, कॉलेजच्या गप्पा मारल्या. चार वाजता पिशवीची आठवण झाली तेव्हा उशीर झाला होता. रविवारी विमान. त्या विमानात मी काय केलं असेल? फोनवर उतरवून घेतलेले क्रोमरचे व्हिडिओ एकामागून एक बघितले. परीक्षेच्या आदल्या दिवशी गाइड वाचतात ना, अगदी तसे.

दुसऱ्या दिवशी मावशी येणार हे माहीत होतं. घरामागच्या लाकडी डेकखाली, पन्हाळीचं पाणी पडतं तिथे, सोसायटीने पांढरे-करडे गोटे टाकलेत. त्यातला एक बरा बघून उचलला, धुतला, पुसला.

मावशी सोफ्यावर डोळे मिटून बसल्या आणि एकेक विचारत गेल्या. मी सांगत गेलो. इतकं सुरेख सांगितलं की माझा मलाच राग येतो. वारा कसा होता, चिप्स कशा गरम होत्या, एका पक्ष्याने माझ्या हातावर कशी झडप घातली. "आणि बाक?" त्यांनी विचारलं. बाक कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी म्हणालो, "आहे की. तसंच. फक्त आता हिरवा रंग दिलाय."

"हिरवा? बरं केलं," त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसत नव्हत्या.

मग मी दगड दिला. तेव्हा सहा वर्षांची असलेली रेवा, ती मावशींना आजीच म्हणायची, पुढे येऊन वाकून बघायला लागली. "बाबा, धिस लुक्स लाइक अवर बॅकयार्ड," ती म्हणाली. मावशी हसल्या, "अगो, दगड सगळीकडचे सारखेच असतात," आणि दगड मुठीत घेऊन घरी गेल्या. तेव्हा मी सुटलो म्हणून खूश झालो होतो. आता वाटतं, त्या वेळी पकडला गेलो असतो तर किती बरं झालं असतं.

त्या गेल्यावर तीन आठवड्यांनी मीनलने मला बोलावलं. टेबलावर तो दगड होता. ती म्हणाली, "निखिल, अस्थी मालवणला नेणारच आहोत, पण थोड्या क्रोमरला न्यायच्यात मला. त्या बाकापाशी. तुला माहितीये ना जागा? तू चल." मग सहज बोलावं तसं पुढे म्हणाली, "खरं तर मागच्या मे महिन्यात मी आईलाच नेणार होते. तिकिटं काढायला बसले होते. तर म्हणाली, नको गं, निखिलने सगळं बघून आणलंय, सगळं तसंच आहे. आता मी जाऊन आल्यासारखंच आहे."

मला वाटायचं, मावशींना कुठेतरी कळलं असेल आणि त्यांनी मला सोडून दिलं असेल. या एका आशेवर मी दोन वर्षं काढली होती. पण कळलं असतं तर त्या स्वतः गेल्या असत्या. त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि म्हणून त्यांचं जायचं राहिलं.

मी मीनलला सगळं सांगितलं. सावजी, व्हिडिओ, हिरवं बाक, सगळं. ती म्हणाली, "सव्वा महिना ती रोज तुझ्याकडे येत होती. तुला एक शनिवार देता आला नाही?" तिने दगड माझ्याकडे सरकवला. "हा घेऊन जा. आमच्या घरात नको."

क्रोमरला ती आणि तिचा नवरा जाणार आहेत. मला तिने पुन्हा विचारलेलं नाही, आणि विचारावं असं मी काही केलेलंही नाही. औषधांची ती पिशवी अजून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. घड्यांवर फाटायला आलीय.

मागच्या रविवारी बर्फ वितळला, तेव्हा मी दगड घेऊन डेकखाली गेलो. म्हटलं, जिथून उचलला तिथे ठेवून मोकळं व्हावं. ठेवला. पण तो बाकीच्यांत मिसळेना. ते सगळे पांढरट, खरबरीत आणि हा काळपट, गुळगुळीत. संध्याकाळी मीनल ऑफिसातून येईपर्यंत मावशी खिडकीशी उभ्या असायच्या, तेव्हा हा हातात असायचा. बोटांचं खोबरेल दोन वर्षं त्यात मुरलं होतं. वाकून वास घेतला तर अजून येत होता... मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

मागे सरकतं दार उघडलं. रेवा पायात चपला न घालताच डेकवर आली आणि कठड्यावरून खाली बघत ओरडली, "बाबा, नो! डोंट पुट इट देअर! तो आजीचा आहे. दॅट वन इज फ्रॉम इंग्लंड."

मी तो उचलला आणि घरात आणला.